खिडकी चावते

सासूबाईंची तक्रार अशी होती की, खिडकी चावते.

हे त्या इतक्या सरळपणे सांगत की ऐकणाऱ्याला खिडकीला दात असल्याचाच भास व्हावा. खिडकी म्हणजे मधल्या खोलीची, गॅलरीत उघडणारी. तिच्या खालच्या निम्म्या भागात या उन्हाळ्याच्या तोंडी एक जुना एसी बसवण्यात आला होता. त्याचे मागचे धूड गॅलरीत निघाले होते आणि ते पेलायला खाली चार पायांचा लोखंडी स्टँड होता. गुडघ्यांनी दगा द्यायला सुरुवात केल्यापासून सासूबाईंना वाकायचे तर काहीतरी धरावे लागे, आणि गॅलरीचा भिंतीसारखा रुंद कठडा मुठीत मावत नसल्याने धरण्याजोगी वस्तू तो स्टँड एवढीच होती. धरली की हाताला चावा बसे.

"मुंग्या आल्यासारखं होत असेल," सून म्हणाली होती.

"मुंग्या नाहीत गं. मुंगळे म्हण."

सून वजनकाटे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. औषधांच्या कारखान्यांतले, सोनारांच्या पेढ्यांवरचे काटे तिच्या टेबलावर येत आणि ते खरे बोलतात की खोटे हे ती ठरवी. त्या सवयीने ती माणसांकडेही बघे. घरात कुणी काही म्हटले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कशावरून?" तिची नणंद, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, तिला तोंडावरच 'पुरावाबाई' म्हणायची. सुनेला त्याचे काही वाटत नसे. उलट, आतून थोडे बरेच वाटे.

तेव्हा तिने सासूबाईंचे म्हणणे कानाआड केले असे मुळीच नव्हते. तिने ते तपासले होते. साक्षीदार म्हणून सासूबाईंची पत बेताचीच होती: फ्रिजच्या मोटरचा आवाज बदलला की पाहुणे येतात, असे त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या. शिवाय एसी घरातून जावा अशी त्यांची उघड इच्छा होती. तरीही सून गॅलरीत गेली, धाकटीला समोर उभे केले, आणि स्टँडला तीन वेगवेगळ्या ठिकाणी तळहात टेकवून बराच वेळ थांबली. मुंगी नाही, मुंगळा नाही. नुसते तापलेले लोखंड.

"भास आहे, आई," ती म्हणाली. "वय झालं की नसा जरा जास्तच बोलतात."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग स्टँडकडे पाहिले, आणि आत निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांना पटले, असा सुनेने निष्कर्ष काढला.

खरा वाद बिलाचा होता. कामानिमित्त दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला होता: परवडला तर ठेवा, नाहीतर जुन्या मालवाल्याला परत करा, तो घेईन म्हणालाय. परवडणे म्हणजे काय, हे मात्र त्याने सांगितले नव्हते. त्यामुळे घरात दोन पक्ष पडले होते. सासूबाईंच्या मते एसी म्हणजे दाराला बांधलेला हत्ती. धाकटीच्या मते वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली, एसीशिवाय परीक्षेचा अभ्यास करणे म्हणजे भट्टीत बसून पाठांतर करणे.

"खाऊन खाऊन किती खाईल तो?" धाकटी म्हणाली. सुट्टीची दुपार होती आणि तिघी जेवून टेबलाशीच बसल्या होत्या.

"अंदाज सोपा आहे," सून म्हणाली. "त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर दीड हजार वॉट लिहिलंय. म्हणजे पूर्ण जोरात तासाला दीड युनिट. दिवसाला आठ तास धरले तर बारा."

"बारा!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "रोज? महिन्याला घराचं अर्धं भाडं होईल गं ते."

"थांबा ना. खोली गार झाली की आतला कॉम्प्रेसर थांबतो, नुसता पंखा फिरतो. तिसरा हिस्सा वेळ थांबला तरी आठच युनिट. पण तो किती वेळ थांबतो ते खोलीवर आहे, उन्हावर आहे, दार कोण सारखं उघडं टाकतं त्यावर आहे."

"माझ्याकडे बघू नकोस हं वहिनी."

"आणि पट्टीवरचा आकडा यंत्र नवं असतानाचा. हे आलंय दुसऱ्याच्या घरी उमेदवारी करून. तेव्हा अंदाज पुरे. मोजूनच घेऊ."

मोजण्याची पद्धत तिच्या मनात तयार होती. खाली जिन्याजवळ इमारतीतले सगळे मीटर एका लाकडी कपाटात होते. प्रत्येकावर एक लहानसा लाल दिवा असतो आणि वीज खर्च होईल तसा तो लुकलुकतो. एका युनिटला बत्तीसशे वेळा, असे मीटरवर छापलेलेच असते. घरातले बाकी सगळे बंद करायचे, फक्त एसी चालू ठेवायचा आणि दिव्याची उघडझाप मोजायची. शाळेतल्या मुलालाही जमेल.

"पण आधी शून्य बघायचं," ती म्हणाली.

"शून्यात काय बघायचंय?"

"काट्यावर काही ठेवण्याआधी रिकामं पारडं काय दाखवतं ते बघतात, धाकटे. तेच चुकीचं असेल तर पुढचं सगळं चुकतं. तेव्हा आधी एसीसकट सगळं बंद. पंखे, फ्रिज, घड्याळाचा चार्जर, सगळं. मी खालून फोन लावते."

"म्हणजे पंखासुद्धा?" सासूबाईंनी विचारले.

"दहा मिनिटं, आई."

"दहा मिनिटांत माझी भाजी होईल इथे," त्या म्हणाल्या. "तुमच्या शास्त्राला घाम येत नाही, मला येतो."

सून पायांतल्या रबरी चपलांनिशी खाली उतरली. टाचांना भेगा पडत असल्याने ती घरातही त्याच घालून वावरे, आणि घरभर त्यांचा चटचट आवाज होतो म्हणून सासूबाई कुरकुरत. त्या स्वतः उंबऱ्याच्या आत आयुष्यात कधी चप्पल घालून चालल्या नव्हत्या.

मीटरचे कपाट शिंपीकाकांच्या दुकानाला लागून होते. दुकान उघडे होते. मशीनचा खडखडाट बाहेरपर्यंत येत होता.

"काय, बिल आलं वाटतं?" आतून काका ओरडले.

"येऊ नये म्हणून आलेय," ती म्हणाली आणि कपाटाचे दार उघडले. आत धूळ, कोळ्याची जाळी, मीटरांची रांग, आणि त्यांच्या खाली चिनी मातीच्या पांढऱ्या फ्यूजची दुसरी रांग. मीटरांवर घरांची नावे होती. फ्यूजवर काहीच नव्हते. तिने आपला मीटर शोधला आणि फोन लावून वरच्या खिशात टाकला, आवाज मोठा करून.

"झालं सगळं बंद?"

"झालं. फ्रिजपण. आई माझ्याकडे असं बघतेय की मी तिच्या दुधाचा खून केलाय."

"बरं. बोलू नकोस, मोजू दे."

तिने दिव्याकडे नजर लावली. दिवा लुकलुकला.

ती मनाशी सेकंदांचे आकडे म्हणू लागली. एकोणीसला तो पुन्हा लुकलुकला. पुन्हा एकोणीस. पुन्हा.

"धाकटे, काहीतरी चालू राहिलंय."

"काही नाही राहिलं."

"साठ वॉट जातायत. एक बल्ब म्हण. संडासातला दिवा बघ."

पावलांचा आवाज गेला आणि परत आला. "बंद आहे. देव्हाऱ्यातला, बेलचा, सगळे बघितले. वहिनी, भूत असेल."

"भुताला साठ वॉट लागत नाहीत."

"कशावरून?" धाकटी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळली.

सुनेलाही हसू आले. तिने शहाण्या माणसाने करावे तेच केले: आपण दुसऱ्याचा मीटर तर बघत नाही ना, याची खातरजमा. तिने धाकटीला इस्त्री लावायला सांगितली. लाल दिवा वेड लागल्यासारखा फडफडू लागला. इस्त्री काढायला सांगितली. दिवा पुन्हा आपल्या एकोणीसवर आला. म्हणजे मीटर आपलाच होता.

"आता दारामागचा मेन स्विच पाड."

"पाडला. आता तर घड्याळाचा जीवही गेला असेल." मग फोनपासून लांब, दुसऱ्याच कुणाशी: "अगं आई, पंखा येईल ना आत्ता! काय? बरं, कर बाई." पुन्हा जवळ: "आई म्हणतेय, पंखा नाही तर मी गॅलरी तरी धुऊन घेते, गार होईल. म्हटलं कर."

"करू दे," सून म्हणाली. ती अर्धवटच ऐकत होती. तिचे लक्ष दिव्यावर होते.

मेन स्विच पडला म्हणजे घर मीटरपासून तोडले गेले. त्यापुढे दिवा लुकलुकायला कारणच उरत नाही. सतरा, अठरा, एकोणीस.

दिवा लुकलुकला.

आता तिला हसू आले नाही. अजून भीती वाटत नव्हती. गणित चुकले की वाटते ती अस्वस्थता फक्त होती. मेन स्विच बंद आणि वीज जाते आहे, याचा अर्थ एकच. मेन स्विचच्या अलीकडूनच कुठेतरी एक फाटा फुटला आहे. तिने मोबाइलचा उजेड मीटरखाली टाकला. तिथून दोन वायरी निघत होत्या. एक जुनी, धुळीने भुऱ्या रंगाची. दुसरी नवी कोरी, पांढरी. ती फ्यूजच्या रांगेमागे गेली होती आणि मग भिंतीतल्या भोकातून बाहेर, उन्हात, वरच्या दिशेला.

ही कधी आली, हे तिला आठवले. एसी बसवला त्या आठवड्यात बोर्डावरचा सुरक्षा-स्विच सारखा पडत असे. ती कामावर असताना वायरमन येऊन गेला होता. संध्याकाळी सासूबाईंनीच सांगितले होते: तो म्हणाला लोड झेपत नाही, म्हणून एसीला डायरेक्ट लाइन दिली, आता मेलात तरी पडणार नाही. त्या हसल्या होत्या, तीही हसली होती. लोड झेपत नाही, हे कारण तिला पटले होते. त्यात शास्त्राचा शब्द होता. ते तिने तपासले नव्हते.

सुरक्षा-स्विच लोडने पडत नाही. बाहेर गेलेली वीज जेव्हा आलेल्या वाटेने परत येत नाही, भलत्याच वाटेने जमिनीत मुरते, तेव्हा तो पडतो. तो आठवडाभर ओरडून सांगत होता आणि वायरमनने त्याचे तोंड बंद केले होते. एसीतल्या त्या जुन्या गळतीत आता नवी भर पडली होती, आणि ओरडणारे कुणी उरले नव्हते. एसी बंद असो वा चालू, ती पांढरी वायर वर कुठेतरी सोलली गेली होती आणि कशाला तरी टेकली होती. कशाला, याचा विचार करायची गरजच नव्हती. त्या वायरीच्या वाटेवर लोखंडाची वस्तू एकच होती, स्टँड.

मुंगळे म्हण, त्या म्हणाल्या होत्या.

पण मी हात लावला होता, तिने स्वतःशीच हुज्जत घातली. तीन ठिकाणी लावला होता. बराच वेळ. काही झालं नाही.

आणि मग तिची नजर खाली गेली. आपल्या पायांकडे. निळ्या, झिजलेल्या, बोटभर जाड रबरी चपलांकडे.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर तिने त्याला प्रयोगशाळेबाहेर काढले असते. वीज अंगातून जायला तिला पायांखालून वाट लागते. तिने ती वाट बंद करून प्रयोग केला होता, शून्य उत्तर काढले होते आणि एका अनवाणी बाईला सांगितले होते की तुला भास होतो.

नेमके तेव्हाच दिव्याने आपला ताल बदलला.

ती एकोणीसची वाट बघत होती. तो बारालाच लुकलुकला. मग नवाला. मग सहाला. पुन्हा सहा. पुन्हा सहा.

गळती तिप्पट झाली होती. घरात कुणी कुठलेही बटण दाबले नव्हते, दाबून उपयोगही नव्हता. गळती वाढते ती वाट सोपी झाली की. वर गॅलरीत स्टँडच्या चार पायांभोवती पाणी पसरले होते आणि कोपऱ्यातल्या लोखंडी पन्हळीपर्यंत पोचले होते. तिला ते दिसत नव्हते, पण त्या लाल ठिपक्यात ती ते वाचू शकत होती, जसे एखाद्याने समोर उभे राहून सांगावे. पाणी ओतले गेले आहे. ओतणारी त्यात उभी आहे. तिच्या पायांत काही नाही. आता ती खराटा घेऊन वाकेल, आणि वाकताना काहीतरी धरेल.

"धाकटे!" ती ओरडली. "धाकटे, आईंना थांबव! स्टँडला हात लावू देऊ नकोस! ऐकतेस का?"

खिशातून पाण्याची खळखळ ऐकू आली, खराट्याचा खरखर आवाज आला. माणसाचा आवाज नाही. धाकटी फोन कुठेतरी ठेवून गेली होती.

"धाकटे! आई!"

तिने जिन्याकडे धाव घेतली आणि पहिल्याच पायरीवर थबकली. वर जाऊन काय करणार? मेन स्विच आधीच बंद आहे. त्या वायरीला वर बटणच नाही. सासूबाई चिकटलेल्या असतील तर ओढायला आपण हात लावणार, मग धाकटी आपल्याला ओढायला हात लावणार. सगळ्या घराने एकमेकांचे हात धरून उभे राहायचे. वीज तोडायची जागा जगात एकच होती आणि ती तिच्याच समोर होती.

ती मागे फिरली. फ्यूजच्या रांगेत आपला कुठला हे कळायला मार्ग नव्हता. पांढरी वायर रांगेमागच्या अंधारात शिरून नाहीशी झाली होती. एकेक काढून दिवा बघत बसायला वेळ नव्हता. तिने पहिला फ्यूज धरला आणि उपटला. मग दुसरा. तिसरा घट्ट बसला होता. तो तिने दोन्ही हातांनी हिसडला. चपलांचे रबर आता तिच्या उपयोगी पडत होते, हे तिच्या लक्षात आले आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. चौथा. पाचवा. शेजारच्या दुकानातला खडखडाट मधेच तुटला.

"अरे!" शिंपीकाकांचा आवाज आला. "कुणी लाइन घालवली? अर्धी बाही शिवून झालीय माझी!"

सहावा. सातवा. रांग संपली. फ्यूज तिने पोटाशी धरले होते. तिने मीटरकडे पाहिले.

आता सगळ्यांत कठीण भाग होता. दिवा लुकलुकला तर ते क्षणात कळते. लुकलुकला नाही हे कळायला थांबावे लागते. ताल सहाचा होता, म्हणजे निदान सहापर्यंत थांबणे भाग होते, आणि सहाला काही झाले नाही तरी खात्री नाही. एखादा फ्यूज मागच्या बाजूलाही असू शकतो. वायरमनने मधे फ्यूज घातलाच नसेल, हेही शक्य आहे. न तपासता वर धावणे म्हणजे पुन्हा चपला घालून हात लावणे.

एक. दोन. तीन.

खिशातून धाडकन आवाज आला. लोखंडी बादली फरशीवर आपटल्याचा, आणि मग ती गडगडत गेल्याचा. मग काहीच नाही. खराटाही नाही.

चार. पाच. सहा.

धावावे असे प्रत्येक स्नायू सांगत होता आणि ती उभी राहून आकडे म्हणत होती. सात. आठ. शिंपीकाका गळ्यात टेप लटकवून दुकानाबाहेर आले होते, तिच्या हातांतला ढीग बघून त्यांचे तोंड उघडे राहिले होते. नऊ. दहा. अकरा.

बारा.

दिवा विझलेलाच राहिला.

"अहो, माझा फ्यूज!" काका म्हणाले.

ती जिना चढत होती. फ्यूज हातांतच होते. खाली ठेवले तर कुणीतरी भला माणूस ते परत बसवील ही भीती तिला ठेवू देईना. मागून काका येत होते, धापा टाकत, "अहो सगळे घेऊन कुठे निघालात? माझा तेवढा द्या की!" जिन्यात एक चप्पल सुटून मागे राहिली. बेल दाबायला तिचा हात वर गेला आणि खाली आला. बेलला वीज तिनेच ठेवली नव्हती. तिने दारावर लाथ मारली.

धाकटीने दार उघडले. तिच्या हातात कोरडा टॉवेल होता.

"काय झालं? अशी काय..."

तिला बाजूला सारून सून मधल्या खोलीतून गॅलरीच्या दारापाशी पोचली.

गॅलरीभर पाणी होते. बादली कठड्याशी आडवी पडली होती. आणि सासूबाई घोट्यापर्यंत ओल्या, अनवाणी पायांनी, कंबरेत वाकून उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात खराटा होता. दुसऱ्या हाताने त्यांनी स्टँडचा पाय घट्ट, अगदी मुठीत, धरला होता.

त्यांनी मान वळवून पाहिले. त्या जिवंत होत्या. त्या हसत होत्या.

"पडले असते बघ आत्ता," त्या म्हणाल्या. "पाय सटकला, बादली गेली हातची. हा धरला म्हणून वाचले." मग त्यांनी मुठीकडे पाहिले आणि जरा ओशाळ्या होऊन म्हणाल्या, "आणि चावला नाही गं आज. मुंगीसुद्धा नाही. तू म्हणत होतीस तेच खरं. माझा भासच होता तो."

"आई," सून म्हणाली. "हात काढा."

"अगं काही होत नाही, बघ ना."

"हात काढा. आधी हात काढा आणि आत या."

तिच्या आवाजात काहीतरी होते, ज्याने सासूबाईंनी खराटा टाकला. धाकटीने त्यांना दंडाला धरून खोलीत आणले. सून दारातूनच वाकून खिडकीखाली बघत होती. पांढरी वायर गॅलरीच्या कठड्यावरून आत आली होती आणि स्टँडच्या आडव्या पट्टीखाली दाबली गेली होती. एसीची थरथर रोज तिला त्या धारेवर थोडी थोडी घासत असणार. तिथे वायरीचे कातडे उसवले होते. आतले तांबे लोखंडावर टेकले होते आणि भोवती बोटाएवढा काळा डाग होता. पंधरवड्यापूर्वी तिने जिथे तळहात ठेवला होता, तिथून वीतभर अंतरावर.

"भास नव्हता तो," ती म्हणाली. "खिडकी चावत होती, आई. रोज. आज पाण्यात चावली असती तर सोडली नसती. मी खाली हे काढले तेव्हा..." तिने ओंजळ पुढे केली.

सासूबाईंनी फ्यूजच्या ढिगाकडे पाहिले. मग आपल्या तळहाताकडे. त्या हळूच खुर्चीत बसल्या आणि तो हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"मग तू हात लावलास तेव्हा कशी नाही चावली तुला?"

सून आपल्या पायांकडे बघत राहिली. एका पायात चप्पल होती, एक पाय उघडा होता. सासूबाईंची नजरही तिथे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"अस्सं," त्या म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर बरे झाले असते.

शिंपीकाका दारात येऊन भिंतीला टेकले होते. "माझा... तेवढा... द्या," ते म्हणाले.

"कुणाचाच मिळणार नाही, काका. ती वायर कापून होईपर्यंत इमारतीत उजेड नाही."

"बाई, कापून टाका की मग. आता कसली भीती? वीज तर सगळी तुमच्या ओंजळीत आहे."

खरे होते. याहून सुरक्षित लोखंड या क्षणी साऱ्या गल्लीत नव्हते. धाकटीने स्वयंपाकघरातून कात्री आणली. ती तिने वहिनीपुढे धरली आणि भेदरलेल्या माणसाला सुचते तसे काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "मग तासाला किती झालं, वहिनी?"

"अजून शून्यच आलं नाही गं," सून म्हणाली.

तिने फ्यूज सासूबाईंच्या मांडीवर ओतले. त्यांनी दोन्ही हातांनी ते झाकून घेतले. पायातली उरलेली चप्पल काढून सून गॅलरीत उतरली. पाणी कोमट होते. वायर मोकळी करायची तर आधी स्टँड जरासा उचलावा लागणार होता, म्हणजे तो धरावा लागणार होता. तिला सगळे ठाऊक होते. मीटरचा दिवा तिने बारापर्यंत मोजला होता. सासूबाईंनी तोच पाय मुठीत धरला होता, मिनिटभरापूर्वी, याच पाण्यात उभ्या राहून. पुरावा याहून अधिक काय असतो?

तिने हात पुढे केला. तो लोखंडापासून बोटभर अंतरावर थांबला, आणि तिथेच राहिला.

"लाव," मागून सासूबाई म्हणाल्या. फ्यूज एकमेकांवर वाजले. त्यांनी ते आणखी घट्ट धरले असावेत. "लाव गं. मी धरलेत."